चढावरचं तेल

खोपोली ते खंडाळा, साडेएकोणीस मिनिटं. चार माणसं, विटांनी भरलेल्या दोन ट्रंका, आणि वाटेत एकदाही न थांबता. चिंचवडातले जुने लोक अजून हे सांगतात आणि सांगताना म्हणतात, "ज्योतीराम मिस्त्रीनं काय मोटार हाणली!" हाणली ना. मी कुठं नाही म्हणते? नवरा माझा आहे, कौतुक मलाही आहे. पण मोटार चालते तेलावर, आणि ते तेल इंजिनात कुठून कुठं जायचं हे कुणी ठरवलं, ते विचारा की एकदा. कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते. मध्ये बोलायचं नाही.

मी कुशाबाई. माहेर चाकणजवळ कुरुळीचं. सुना म्हणतात, आई, चिंचवडात राहून तुमची जीभ सुधारली. सुधारली असेल. स्वभाव मात्र आहे तसाच आहे.

माझे वडील गेनबा, त्यांना आम्ही आबा म्हणायचो. आबांच्या विहिरीवर पाणी उपसायचं इंजिन होतं, पंचक्रोशीतलं पहिलं. घरात मुलगा नव्हता, म्हणून दहाव्या वर्षापासून ते इंजिन मी चालवलं. त्याच्या डोक्यावर तेलाची एक काचेची कुपी होती. तिच्यातून थेंब थेंब तेल आत पडायचं. मिनिटाला वीस थेंब पडले पाहिजेत, कमी नाही, जास्ती नाही. मी समोर बसून मोजायची. आवाज जरा बदलला तर झोपेतून उठून धावायची. सोळा वर्षांची झाले आणि कुणीतरी आबांना म्हणालं, पोरीच्या हाताला तेलाचा वास येतो, लग्न जमायचं नाही. झालं. आबांनी मला इंजिनावरून उठवलं आणि चुलतभावाला बसवलं. त्या शहाण्यानं सहा महिन्यांत इंजिनाचं मातेरं केलं. मी चुलीपुढं बसून रडले, रागानं रडले. ते मी आबांना कधी सांगितलं नाही.

मग लग्न झालं ते मिस्त्रीशी. आमचे हे, ज्योतीराम, बार्शीकडचे. लढाईच्या दिवसांत देहूरोडला लष्कराच्या वर्कशॉपात फिटर होते. लढाई संपली तशी नोकरीही संपली, मग चिंचवडला मुंबई रस्त्याच्या कडेला पत्र्याचं शेड ठोकून यांनी गॅरेज काढलं. मी तिथं डबा घेऊन जायची आणि डबा रिकामा झाला तरी परत यायची नाही. पाना दे, दिवा धर, हे नटबोल्ट धुऊन ठेव, असं करत करत दिवस जायचा. मला दुसरं काही नको होतं.

आता गोष्ट. सन पंचावन्न. चिंचवडला तेव्हा रंगाचा एक कारखाना उभा राहत होता. मुंबईहून सारखे पाहुणे यायचे, त्यांना आणायला कारखान्याला कायमची एक मोटार हवी होती. अर्ज दोघांचे. एक आमचा, आणि एक पिंपरीच्या बबनरावांचा. बबनराव म्हणजे दोन मोटारींचे मालक, बोटांत अंगठ्या, आणि तोंडाला कुलूप म्हणून नाही. कारखान्याचे रिसबूड साहेब मोठे हुशार. ते म्हणाले, "माझे पाहुणे घाटात रस्त्याच्या कडेला उभे राहिलेले मला चालणार नाहीत. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी दोघांनी खोपोलीहून खंडाळ्याला या. चार माणसं, दोन ट्रंका. जो न थांबता कमी वेळात पोचेल, त्याची मोटार."

यांना एवढंच हवं होतं. आमची मोटार लढाईआधीची, अमेरिकन, सहा सिलिंडरची. यांनी इंजिनाचं डोकं घासून कमी केलं, देहूरोडच्या लिलावातून आणलेला जास्तीचा कार्बोरेटर बसवला, सायलेन्सर बदलला. सपाट रस्त्यावर मोटार अशी पळायची की देहूरोडच्या सरळ पट्ट्यात माझ्या डोक्यावरचा पदर राहायचा नाही. पण घाटात नेली की खंडाळ्याच्या खालच्या मोठ्या वळणावर इंजिन ठोके द्यायला लागायचं, आणि रॉडच्या बुडातलं मऊ धातूचं बेअरिंग वितळलेलं असायचं. एकदा झालं. नवं बेअरिंग ओतून, घासून बसवलं, पुन्हा नेली. पुन्हा तेच, त्याच वळणावर.

दुसऱ्या वेळी मोटार लॉरीला बांधून ओढत आणली. शेडपुढं माणसं जमली. बबनराव होते, आबाही नेमके त्या दिवशी कुरुळीहून आलेले. बबनराव हसून म्हणाले, "मिस्त्री, तुमची मोटार घाट बघून लाजते वाटतं." यांचं डोकं फिरलं. सगळ्यांदेखत बोलून गेले, "तिसऱ्यांदा बेअरिंग गेलं तर शेडला कुलूप घालीन आणि मामांच्या रानात नांगर धरीन!"

मामा म्हणजे माझे आबा. आबांना तर आनंदच. "मंग काय वाईट हाय? जमीन हाय, बैलं हायती. घरजावई व्हा, राजावानी ऱ्हावा."

घरजावई म्हणून यांची मान खाली जाईल, ते एक दुःख. पण खरं सांगते, मला माझीच जास्त काळजी होती. शेडला कुलूप लागलं असतं तर इंजिन माझ्या हातून दुसऱ्यांदा गेलं असतं. यावेळी मी रडणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी यांना विचारलं, "दोन्ही वेळा कुठलं बेअरिंग गेलं?"

"एक नंबरचं. रेडिएटरजवळचं."

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा. त्याचं नशीबच वाकडं."

मी घरात गेले, परात आणली, तिच्यात बोटभर करडईचं तेल ओतलं. त्या इंजिनात तेल कसं फिरायचं ते आधी सांगते. खाली तेलाचं चेंबर, वर सहा रॉड खालीवर होतात. प्रत्येक रॉडच्या बुडाला एक चमचा. रॉड खाली आला की चमचा तेलात बुडतो, तेल उडवतो, त्याच उडालेल्या तेलावर बेअरिंग जगतं. मी परात यांच्यापुढं धरली आणि एक कड उचलली. "ही बाजू रेडिएटर. आता हा घाट चढतोय." तेल सगळं मागं गेलं आणि पुढं पितळ कोरडं उघडं पडलं. "तुमचा एक नंबरचा चमचा इथं वारा ढवळतोय. मग बेअरिंग वितळेल नाहीतर काय करेल?"

यांनी परातीच्या कोरड्या कडेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "तेल सांडशील." एवढंच. पण जेवताना भाकरी हातात तशीच राहिली, तेव्हा मी ओळखलं, की पटलंय.

पटलं, तरी पुढं करायचं काय, यावर आमची आठ दिवस भांडणं झाली. यांचं म्हणणं, चमचे लांब करू आणि तेल जास्ती भरू. केलंही तसं. मोटारीनं असा धूर ओकला की समोरच्या दुकानदारानं फळ्या लावून घेतल्या, आणि प्लग तेलानं भिजून मोटार आकुर्डीच्या पुढं जाईना. मग आबा कुरुळीहून आले ते फडक्यात बांधून आमच्या विहिरीवरची काचेची कुपी घेऊन. "ही लावा एक नंबरावर. थेंब थेंब पडू द्या. कुशी मोजंल." माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. ती कुपी हातात घेतली आणि वाटलं, हीच लावावी. डोळ्यांना दिसतं ते तेल खरं, अशी माझी समजूत होती. पण हिशेब डोक्यातून जाईना. आबांचं इंजिन मिनिटाला चारशे फेरे फिरायचं, यांचं साडेतीन हजार. वीस थेंबांनी त्याचं तोंडही ओलं झालं नसतं. मी कुपी पुसून परत दिली. "आबा, ही म्हातारीच्या चालीची हाय. ह्ये रेड्यावानी धावतंय."

तिसरी वाट यांनाच ठाऊक होती, पण हे तिचं नाव काढत नव्हते. लष्कराच्या ट्रकांची इंजिनं त्याच घराण्यातली, पण त्यांच्यात चमचे नव्हते. त्यांच्यात एक पंप असायचा. तो तेल ओढायचा आणि रॉड ज्याला फिरवतात त्या क्रँकच्या आतल्या भोकांमधून प्रत्येक बेअरिंगला दाबानं पाजायचा. देहूरोडला लिलावात तशी इंजिनं पडलेली होती.

"मग तेच आणा की!"

"अगं, चमचा कधी बंद पडत नाही. एक कोरडा पडला तर एकच बेअरिंग जातं. पंप अडला, भोकात कचरा बसला, की सहाच्या सहा जातात. क्रँकही जातो. आणि तेल जातंय की नाही ते दिसत नाही."

"दिसतं. तेलाच्या दाबाचा काटा लावा ना समोर. आणि अहो, तुमच्या चमच्यानं दोनदा तोंड काळं केलं, त्याची बाजू काय घेता?"

हे चिडले. म्हणाले, "तू भाकऱ्या कर." मी भाकऱ्या केल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उपाशी पोटी म्हणाले, "उद्या देहूरोडला जाऊ. चल तूही."

ट्रकाचं इंजिन आलं. यांनी त्यावर आपलं घासलेलं डोकं आणि दोन कार्बोरेटर चढवले, मी तारेला फडकं गुंडाळून क्रँकचं एकेक भोक साफ केलं. दहा दिवस आम्ही दोघं काळेकुट्ट. पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा काटा टपकन चाळीसवर जाऊन बसला. यांनी माझ्याकडं बघितलं आणि हसले. त्या महिन्यातलं पहिलं हसू ते.

पण मी लगेच हुरळणाऱ्यातली नाही. म्हटलं, आधी चढ दाखवू या. पवनेच्या काठाला एक तिरकी चढण होती, तिच्यावर मोटार तोंड वर करून उभी केली, चाकांना दगड लावले, इंजिन चालू ठेवलं. चाळीसचा काटा पस्तीस झाला, वीस झाला, मग डुगडुगायला लागला. यांनी झटकन बंद केलं. "बघ! म्हणलं होतं की नाही!" आणि तोंड पाडून दगडावर बसले.

मी विचारलं, "पंपाचं तोंड कुठं आहे?"

"चेंबरच्या पुढच्या बाजूला."

"आणि तेल कुठं गेलंय?"

तेल मागं, तोंड पुढं. वाफ्याच्या वरच्या टोकाला बसून कुणी पाणी प्यायला बघितलं तर मिळेल का? मी म्हणलं, तोंडाची नळी मागं न्या. यांना लगेच दुसरी शंका, खोपोलीला जाताना आधी घाट उतरायचाय, उताराला तेल पुढं पळेल तेव्हा मागं काय? बरोबर होती शंका. मी म्हणलं, मग बांध घाला. आम्ही कुरुळीत वाफ्याला बांध घालतो, पाणी धरून ठेवायला. चेंबरमध्ये आडवा पत्रा बसवा, बुडाला एक बारीक भोक ठेवा. तेल येऊ द्यायचं, पण धावत जाऊ द्यायचं नाही. यांनी तसं केलं. पुन्हा मोटार चढणीवर उभी केली, तासभर. काटा चाळीसवर, हलायचं नाव नाही. मग तोंड उताराकडं करून तासभर. तेव्हाही चाळीस. मी नदीच्या काठावर पदर खोचून नाचायचीच बाकी राहिले होते. हे म्हणाले, "लोक बघतायत." मी म्हणलं, "बघू द्या!"

रविवार उजाडला. पहाटे आबा कुरुळीहून आले, कारण चौथं माणूस म्हणून तेच बसणार होते. मागं मी आणि आबा, पुढं हे, आणि यांच्या शेजारी कारखान्याचे कारकून सोपानराव. सोपानरावांनी घड्याळ घेऊन आधी बबनरावांच्या मोटारीत बसायचं, मग खाली येऊन आमच्या. रिसबूड साहेब खंडाळ्याला थांबणार होते. आम्ही घाट उतरून खोपोलीला आलो, काटा पूर्ण वेळ चाळीसवर. बबनराव अजून यायचे होते. दीड तास थांबलो, इंजिन गार झालं. ते आल्यावर यांनी सहज इंजिन सुरू करून बघितलं.

काटा पंधरा.

हे उतरले, बॉनेट उघडलं. मी तेल भरायचं झाकण काढलं आणि वास घेतला. हा वास मोटारीच्या तेलाचा नव्हता. हा वास मला जन्मापासून माहीत होता.

"आबा," मी म्हणलं, "इंजनात काय घातलंत?"

आबा तंबाखू मळत होते. शांतपणे म्हणाले, "येरंडेल. अच्छेर. घाणीवरनं ताजं आणलं व्हतं."

यांच्या हातातला पाना खाली पडला.

"अवं, शर्यत हाय न्हवं? शर्यतीला गाडा काढायच्या आदी आखाला येरंडेल घालत्यात. माझ्या बापानं घातलं, म्या घातलं. जावयाच्या मोटारीला नगं?"

"आबा, ह्यो काय बैलगाडीचा आख हाय व्हय!" मी इतक्या मोठ्यानं ओरडले की खोपोलीच्या पेट्रोल पंपावरची माणसं वळून बघायला लागली. मोटारीचं तेल आणि एरंडेल एकत्र नांदत नाहीत. गरम असेपर्यंत गुपचूप राहतात, आणि गार झालं की एरंडेल घट्ट होऊन बुडाला बसतं. नेमकं तिथं, जिथं आम्ही पंपाचं तोंड नेऊन ठेवलं होतं.

आबांचा चेहरा एवढासा झाला. त्यांनी प्रेमानंच घातलं होतं. प्रेमानं घातलं म्हणून माझा राग तेवढा कमी झाला नाही, खरं तेच सांगते. पण रागवायला वेळ नव्हता. बबनराव सोपानरावांना घेऊन निघत होते. ते वर जाणार, सोपानरावांना घेऊन खाली येणार. तेवढा वेळ आमचा. सोपानराव जाताना माझ्या हातात त्यांची कागदांची फाइल देऊन गेले, "बाई, एवढी सांभाळा."

हे मोटारीच्या चाकाला टेकून बसले होते. "संपलं, कुशा. चेंबर खोलायचं म्हणजे वीस-बावीस बोल्ट. पॅकिंग फाटेल. नवं पॅकिंग आणलं नाही."

"उठा," मी म्हणलं. "बसून बोल्ट निघत नाहीत."

हे पुढून मोटारीखाली गेले, मी मागून. लुगड्याचा काष्टा मारला आणि उताणी झोपले. आबांना पंपावर पिटाळलं नव्या तेलाचा डबा आणि पेट्रोल आणायला. चेंबर खाली आलं तेव्हा बुडाला हिरवट पिवळा लगदा, आणि पंपाच्या तोंडाची जाळी त्यानं लिंपलेली. पेट्रोलनं सगळं धुतलं, जाळी केसाच्या आकड्यानं टोकरून काढली. आणि पॅकिंग फाटलं, हे म्हणाले तसंच. चेंबर आणि इंजिन यांच्यामधली ती जाड कागदाची पट्टी, ती नसली तर सगळं तेल रस्त्यावर.

मी इकडंतिकडं बघितलं. सोपानरावांची फाइल. चांगली जाड, लाल पुठ्ठ्याची.

"अगं, सरकारी असेल!" हे म्हणाले.

"कारखान्याची आहे. कारखान्याच्याच कामाला लागतीय."

आतले कागद काढून मी आबांच्या मांडीवर ठेवले, वर दगड ठेवला, आणि पुठ्ठा चेंबरच्या कडेवर धरून हातोडीनं ठोकत ठोकत फाटलेल्या जागेपुरत्या पट्ट्या कापल्या. साबण चोळून बसवल्या. शेवटचा बोल्ट आवळतोय तोच बबनरावांची मोटार खाली आली. मी मोटारीखालून बाहेर निघाले, तोंडावर, हातावर, केसांत तेल. बबनरावांनी बघितलं आणि म्हणाले, "मिस्त्री, एकतीस मिनिटं! पाण्याला एकदाच थांबलो. तुमच्याकडं आता बायकाच मोटारी खोलतात का? मग आमची काळजीच मिटली."

बोलायला माझ्याकडं पुष्कळ होतं, पण सुटलेला अंबाडा बांधायला तोंडात केसाचा आकडा धरला होता.

सोपानराव फाइल मागायला लागले. आबांनी दगडासकट कागद पुढं केले. "कव्हर कुठं आहे?" म्हणून सोपानराव ओरडले, तोवर यांनी इंजिन सुरू केलं. काटा चाळीस. सोपानरावांना आत ओढलं आणि आम्ही निघालो.

काय सांगू तुम्हाला! खोपोली मागं पडली आणि मोटारीनं चढाला छाती दिली. लॉऱ्या गुरगुरत चढत होत्या, आम्ही त्यांच्या बाजूनं सटासट. दोन्ही कार्बोरेटर असे घुमत होते की सोपानरावांनी फाइल विसरून दरवाजा धरला. आबा डोळे मिटून "भैरोबा, भैरोबा" करत होते. माझी नजर यांच्या खांद्यावरून फक्त काट्यावर. दहा मिनिटं, बारा मिनिटं, काटा जागचा हलत नव्हता. मागं बघितलं तर खाली लांब बबनरावांची मोटार आमच्या मागं चढत होती, तमाशा बघायला.

आणि ते वळण आलं. दोन्ही वेळा बेअरिंग गेलं तेच, उजवीकडं वर मुरडणारं. मोटार वळली आणि काटा घसरला. तीस. वीस. दहा.

यांचा पाय ॲक्सिलरेटरवरून उचलला जायला लागला. मला मागून दिसलं, यांची मान ताठ झाली. पाय उचलला असता तर त्या चढाला मोटार थांबलीच असती, आणि थांबली की सगळं संपलं होतं. नाही उचलला आणि तेल खरंच नसेल, तर सहाच्या सहा बेअरिंगं, क्रँक, शेड, सगळं संपलं होतं. कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि सांगणारी मीच होते.

मी काट्याकडं बघितलं. अडलेल्या पंपाचा काटा खाली पडतो आणि निपचित राहतो, सकाळी तसाच पडलेला मी बघितला होता. हा थरथरत होता. म्हणजे पंप गिळत होता, तेल फक्त वळणाच्या जोरानं एका बाजूला गेलं होतं.

"पाय उचलू नका!" मी ओरडले. "तेल कडेला गेलंय. वळण संपलं की येईल!"

"नाही आलं तर?"

"येईल! दाबा तुम्ही!"

आणि मी मोजायला लागले, मोठ्यानं, विहिरीवर मोजायची तशी. एक. दोन. तीन. चार. पाच. मोटार सरळ झाली. सहाला काटा उसळून चाळीसवर गेला, आणि आमच्या यांनी अशी आरोळी ठोकली की सोपानरावांच्या हातातलं घड्याळ पायांत पडलं. चालू होतं नशिबानं.

पुढचा घाट आम्ही चढलो नाही, उडालो. प्रत्येक वळणाला काटा खाली जायचा, मी मोजायची, काटा वर यायचा. शेवटच्या दोन वळणांना आबाही माझ्याबरोबर मोजत होते, सोपानरावही. खंडाळ्याला रिसबूड साहेब रस्त्याच्या मधोमध उभे होते, त्यांना बाजूला उडी मारावी लागली.

"साडेएकोणीस!" सोपानराव घड्याळ उंच धरून ओरडले. "न थांबता!"

आबा उतरले आणि मटकन रस्त्यावरच बसले. हसत होते की रडत होते कळेना. मग यांना म्हणाले, "जावईबापू, नांगर म्या धरीन माझा. तुमी हितंच ऱ्हावा." हे वाकून त्यांच्या पाया पडले. माझं काय झालं म्हणता? मला असं वाटत होतं, की आता कुणीही येऊ दे, कुणीही काहीही म्हणू दे.

साहेबांनी बॉनेट उघडायला लावलं, वाकून बघितलं, एक नंबरच्या बाजूला हात लावला. "मिस्त्री, घाटात तेल कसं धरून ठेवलंत?"

हे तोंड पुसत होते. म्हणाले, "ते तिला विचारा, साहेब. मी फक्त बोल्ट आवळले."

मग काय, मी सांगितलं. परात, चमचे, पंपाचं तोंड, बांध, सगळं. साहेबांनी खिशातून कागद काढला आणि मी बोलले तसं चित्र काढून घेतलं. मी म्हणलं, बांधाचं भोक बुडाला काढा, वर नको. साहेबांनी खोडून बुडाला काढलं. "सोमवारपासून तुमची मोटार," ते म्हणाले, आणि हे त्यांनी आम्हा दोघांकडं बघून म्हटलं.

तोवर बबनरावांची मोटार वर आली होती, वाफ सोडत. ते थोडा वेळ लांब उभे राहिले. मग आले, आमच्या यांच्याजवळ गेले, हळू आवाजात म्हणाले, "मिस्त्री, आमच्याही जुन्या गाडीचं पुढचं बेअरिंग सारखं जातं. तिला तो बांध घालून द्याल का?"

यांनी नुसतं माझ्याकडं बोट केलं.

बबनराव माझ्याकडं वळले. माझ्या तोंडावर तेल, केसांत तेल, लुगडं मातीनं भरलेलं. त्यांनी टोपी जरा सारखी केली. "वहिनी," ते म्हणाले, "तुम्ही बघाल का आमचं इंजिन?"

मी आधी पदराला हात पुसले. त्यांना जरा उभं राहू दिलं. मग म्हणलं, "मंगळवारी आणा. सकाळी आठला. मोटार मी स्वतः खोलेन, आणि खोलताना मध्ये मध्ये बोललेलं मला चालत नाही."

"नाही बोलणार, वहिनी," बबनराव म्हणाले.

मंगळवारी ते पावणेआठलाच आले.